भिंतीवरचे पदक

आपल्याकडे खाणावळ आणि हॉटेल ही केवळ पोट भरण्याची जागा कधीच नव्हती. एस. टी. चुकलेला माणूस तिथे बसतो, बाजाराला आलेला शेतकरी तिथे भाव ऐकतो, निवडणुकीचा अंदाज तिथेच बांधला जातो, आणि परवाच्या जत्रेतल्या कुस्तीचा निकाल पंचांनी दिला त्याहून वेगळा असा तिथे पुन्हा एकदा लावला जातो. अशा जागेच्या भिंतीवर काय टांगलेले असते, ते पाहण्याची मला जुनी खोड आहे. पूर्वी तिथे देवदेवतांचे कॅलेंडर असे, मालकाच्या वडिलांचा हार घातलेला फोटो असे, आणि 'उधारी बंद आहे' अशी पाटी असे. अलीकडे काही ठिकाणी सबंध भिंतच चित्राने भरलेली दिसते. अशाच एका भिंतीची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

ही भिंत कऱ्हाडची. मी इतिहास शिकवतो, म्हणून एका हॉटेलमालकांनी मला बोलावणे धाडले. गावाचा इतिहास ते भिंतीवर काढून घेत होते. "सर, एकदा नजर घाला. चुकीचं काही राहायला नको," एवढाच निरोप. मी गेलो, तेव्हा परांचीवर उभा राहून पेंटर काम करीत होता आणि खाली लोक मिसळ खात होते. रंगाचा आणि तर्रीचा वास एकमेकांत मिसळला होता.

चित्र मोठे नेटके बांधले होते. तळाशी कृष्णा वाहत होती, आणि तिच्या काठाने डावीकडून उजवीकडे काळ सरकत होता. सुरुवातीला आगाशिवाचा डोंगर आणि त्यातली बौद्ध लेणी. कऱ्हाड हे किती जुने गाव, याचा एक पुरावा तर फार दूर सापडतो. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर ज्या गावांच्या लोकांनी दान दिले त्यांची नावे कोरली आहेत, आणि त्यांत 'करहकट' हे आपले गाव आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे तिथवर पोचली होती. त्यानंतर शिलाहारांची राजकन्या चंद्रलेखा. बिल्हण कवीने आपल्या काव्यात तिचे स्वयंवर रंगवले आहे, आणि तिने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याला वरल्याचे सांगितले आहे. मग आदिलशाही काळातल्या मशिदीचे उंच मनोरे. मग प्रीतिसंगम, जिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एक होऊन वळतात. त्यापुढे १९४२ च्या ऑगस्टमध्ये कचेरीवर चाललेला मोर्चा. नंतर यशवंतराव चव्हाण. आणि उजव्या टोकाला, सगळ्यांत मोठे, माणसाच्या दीडपट उंचीचे चित्र होते खाशाबा जाधवांचे. गळ्यात पदक.

पदक सोनेरी होते. नुसते सोनेरी नव्हे, झळझळीत. बल्बचा उजेड त्यावर पडावा अशा बेताने पेंटरने त्याला चकाकी दिली होती.

मी काही बोलणार तोच माझ्या मागून आवाज आला, "काका, ते ब्राँझ होतं."

वळून पाहिले तर शाळेच्या गणवेशातला एक मुलगा. वडिलांबरोबर आला असावा. हातात पावाचा तुकडा तसाच होता.

मालक हसले. म्हणाले, "व्हय रे बाळा, ठाऊक हाय. पण भिंतीवर पितळी रंग मेलेला दिसतो. आणि आपलाच माणूस हाय की! आपण त्याला सोन्याचं घातलं तर काय बिघडलं?"

हॉटेलातल्या बहुतेकांना हे पटले. कोणी म्हणाले, सरकारने दिले नाही ते गावाने द्यावे. कोणी म्हणाले, खाशाबांची किंमत सोन्याचीच. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

श्रोते हो, प्रश्न दिसायला लहान, पण मला तो लहान वाटला नाही. कौतुकापोटी सत्याला मुलामा द्यावा की नाही, हा प्रश्न शिक्षकापुढे रोजच असतो. शिवाय मालकाचा हेतू वाईट नव्हता. तो प्रेमाने खोटे बोलत होता, आणि अशा खोट्याला विरोध करणे सगळ्यांत अवघड असते. म्हणून मी 'चूक' असे म्हटले नाही. मी एक खुर्ची ओढून घेतली आणि ते पदक ब्राँझचे का होते, ते सांगायला बसलो. तेच आता तुम्हांलाही सांगतो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कऱ्हाडपासून हाकेच्या अंतरावर. घरात कुस्ती होती, वडील स्वतः पैलवान. शाळा कऱ्हाडची टिळक हायस्कूल. यशवंतराव चव्हाणही त्याच शाळेचे विद्यार्थी. पुढे कॉलेजसाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगकाठी लहान. आखाड्यात उभे राहिले तर लांबून कोणी ओळखणार नाही असे. पण डाव टाकण्यात असे चपळ, की समोरच्याला आपण पडलो हे पडल्यावरच कळावे. ढाक हा त्यांचा आवडता डाव.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली आणि हा मुलगा तिथे गेला. आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. आपली कुस्ती मातीची. लाल माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात. त्या मातीत पाय रुततो, जोर खालून येतो, आणि जोडीदार चितपट होईपर्यंत खेळ चालतो. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. तिथे पायात बूट, घड्याळाची वेळ, आणि प्रत्येक पकडीचे गुण. आयुष्यभर बैलगाडी हाकणाऱ्याला एकदम मोटार चालवायला बसवावे, तसे हे. तरी पहिल्याच खेपेला ५२ किलोच्या गटात खाशाबांनी सहावा क्रमांक काढला.

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंडमधल्या हेलसिंकीला ऑलिंपिक होते. या वेळी खाशाबा ५७ किलोच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी फार चुरशीची लढत झाली आणि ती थोडक्यात गेली. सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हशी झालेली लढतही गेली. या दोन लढतींच्या मध्ये नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, आणि तिथे त्यांच्या बाजूने बोलायला आपला कोणी अधिकारी हजर नव्हता, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. इशीला सुवर्ण, मामेदबेयोव्हला रौप्य, आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांना ब्राँझ.

मी हॉटेलात विचारले, "आता सांगा. हे पदक सोन्याचे केले, तर ही सगळी लढत कुठे गेली? त्या इशीचा जोर कुठे गेला? विश्रांती मिळाली नाही, ते दुःख कुठे गेले? सोनेरी पदक पाहून मुलाला वाटेल, आला, लढला, जिंकला. ब्राँझ पाहिले तर तो विचारील, मग सोने का नाही? आणि 'का' विचारले की इतिहास सुरू होतो."

मालक गप्प झाले, पण पटलेले दिसले नाहीत. तेव्हा मी दुसरी गोष्ट काढली, पैशाची.

हेलसिंकीला जायला पैसे लागत होते. सरकारदरबारी खेटे घातले, गावोगाव वर्गणी मागितली. लोकांनी दिले, पण गोळा होत होते ते पुरत नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! त्या काळी नोकरदार माणसाची कित्येक वर्षांची मिळकत. हे पैसे त्यांनी एका विद्यार्थ्यासाठी दिले, आणि तो विद्यार्थी जिंकून येईल याची कसलीही हमी नव्हती.

खाशाबा पदक घेऊन परत आले. कऱ्हाडच्या स्टेशनावर गाव लोटले होते. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून आणल्या होत्या, ढोलताशे होते. पंधरा मिनिटांची वाट, पण मिरवणूक सरकायला तास न् तास लागले. ही मिरवणूक सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतरची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या केल्या, त्या जिंकल्या, आणि मिळालेले इनाम नेऊन प्राचार्यांच्या हाती ठेवले. गुरूचे घर गहाणातून सोडवले.

हे सांगून झाल्यावर हॉटेलात कोणी बोलेना. वरून पेंटरच म्हणाला, "मग सर, ह्यो गुरू भिंतीवर का नाही?"

त्याचे बरोबर होते. भिंतीवर राजकन्या होती, मनोरे होते, पुढारी होते, पैलवान होता. ज्याने घर गहाण टाकले तो नव्हता. वर्गणी देणारे नव्हते. आणि आणखी एक माणूस नव्हता. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावे हेही खाशाबांच्या वरच्या वजनगटात लढले होते. त्यांचा क्रमांक चौथा आला. तिसऱ्याला मिरवणूक आणि चौथ्याचे नाव आपल्या मुलांना माहीत नाही. एका पायरीचे अंतर! अभिमानाची भिंत रंगवताना जिंकलेला तेवढा दिसतो, हा तिचा दोष आहे. तो जाणूनबुजून भरून काढावा लागतो.

तिथेच आणखी एक दुरुस्ती झाली. चित्राखाली लिहिले होते, 'भारताला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे'. हे वाक्य मी अनेक शाळांच्या फळ्यांवर वाचले आहे, म्हणून शिक्षक श्रोत्यांनी ते विशेष ऐकावे. हे बरोबर नाही. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड याने भारताच्या नावावर धावण्याच्या शर्यतीत दोन रौप्यपदके मिळवली होती. हॉकीच्या संघाने १९२८ पासून सुवर्णपदके आणली होती. खाशाबांचे पदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. दोन शब्द जास्त, पण त्या दोन शब्दांनी कुणाचा हक्क हिरावला जात नाही आणि खाशाबांचा मोठेपणा तसूभरही उणा होत नाही. त्यानंतर वैयक्तिक पदक पुन्हा मिळाले ते १९९६ साली अटलांटाला, टेनिसमध्ये लिअँडर पेस यांना. मध्ये ४४ वर्षे गेली. कुस्तीतले दुसरे पदक यायला तर २००८ साल उजाडले. आता सांगा, हे पदक मोठे दिसायला त्याला सोनेरी रंगाची गरज आहे काय?

खाशाबा पुढे १९५५ साली मुंबई पोलिसात फौजदार म्हणून लागले आणि नोकरी पुरी करून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर, २००० सालचा. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव लागले ते २०१० साली. म्हणजे पदकापासून मोठ्या सन्मानापर्यंत जवळजवळ अर्धे शतक गेले. या मधल्या काळात त्यांची आठवण कोणी राखली? तालमींनी राखली, घराघरांतल्या फोटोंनी राखली, पारावरच्या आणि हॉटेलांतल्या गप्पांनी राखली. म्हणून भिंतीवरच्या चित्राला मी कमी लेखत नाही. सरकारी कागद उशिरा जागा होतो, तोवर गावाला आपले माणूस आपणच सांभाळावे लागते. पण सांभाळायचे तर जसे होते तसे सांभाळावे.

आता थोडे कामाचे बोलतो. ही गोष्ट ऐकून एखाद्या गुरुजींना वाटेल, आपल्याही शाळेच्या भिंतीवर गावाचा इतिहास काढावा. जरूर काढावा. त्याला फार खर्च लागत नाही. त्या पेंटरने मला जे सांगितले आणि मला स्वतःला जे उमगले, ते चार गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट भिंतीची. ओल असलेल्या भिंतीवर रंग लावू नये. खालून ओल चढली की चुन्यासिमेंटातला क्षार पांढरा होऊन वर फुटतो, त्याला आपण लोणा लागला म्हणतो, आणि तेलरंग पापुद्र्यासारखा सुटतो. पावसाळा संपल्यावर भिंत पूर्ण वाळू द्यावी, जुना चुना खरवडावा, भेगा बुजवाव्यात, अस्तराचा हात द्यावा आणि मगच चित्र धरावे. शक्यतो पश्चिमेच्या पावसाची झड लागणार नाही अशी भिंत निवडावी. आपल्याच सातारा जिल्ह्यात, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतीवरची जुनी चित्रे आहेत. मुलांना एकदा ती दाखवून आणावीत. भिंत राखली तर चित्र किती पिढ्या बोलते, ते त्यांना आपोआप कळेल.

दुसरी गोष्ट माहितीची. मुलांना घरोघर पाठवावे. म्हाताऱ्या माणसांना विचारावे, गावातला पहिला पैलवान कोण, विहीर कोणी खोदली, शाळा कोणाच्या ओसरीवर भरत होती, साथीच्या वर्षी कोण धावून आले. एकच गोष्ट तीन घरांत विचारावी. तिन्ही ठिकाणी जुळली तर लिहावी, नाही जुळली तर शाळेचे दाखलखारीज पुस्तक, ग्रामपंचायतीचे दप्तर, देवळातला शिलालेख पाहावा. याहून चांगला इतिहासाचा तास मला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट, चित्र पुरे झाले असे वाटले की खाली उभे राहून एक प्रश्न विचारावा: यात कोण राहिले? बहुधा बाया राहिलेल्या असतात. पैलवानाचे दूध तापवणारी, पहाटे भाकरी थापणारी. गावकुसाबाहेरची माणसे राहिलेली असतात. हरलेले तर हमखास राहिलेले असतात.

आणि चौथी गोष्ट, जे ठाऊक नाही ते रंगवू नये. हे मला त्या पेंटरने शिकवले, कसे ते सांगतो.

मालकांना मिरवणुकीत १५१ बैलगाड्या हव्या होत्या. कारण आकडा तसा ऐकलेला. दुसरे एक गिऱ्हाईक म्हणाले, १०१ होत्या. वाद जुंपला. पेंटर वरून शांतपणे म्हणाला, "मालक, मी पुढच्या पाच गाड्या काढतो. मागं धुरळा काढतो. धुरळ्यात किती बी मावतात." मी पुस्तके वाचून एवढी वर्षे इतिहास शिकवतो, पण इतके सरळ उत्तर मला सुचले नसते.

प्राचार्यांचे चित्र काढायचे ठरले, तेव्हाही तसेच. त्यांचा फोटो हाताशी नव्हता. मालक म्हणाले, "काढा एखादं चष्मेवाल्या मास्तराचं तोंड." पेंटरने मान हलवली. म्हणाला, "मनानं तोंड नको. पाठमोरं काढतो. पैलवान वाकून पाया पडतोय, आणि गुरू पाठमोरा. मागं घराचं दार उघडं."

महिन्याभराने मी पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. मुद्दाम आत डोकावलो. भिंत पुरी झाली होती. पाच बैलगाड्या होत्या, आणि मागे धुरळ्याचा लोट होता. कोपऱ्यात पाठमोरे गुरुजी होते आणि उघडे दार होते. खाशाबांच्या शेजारी, जरा मागे, दुसरा एक मल्ल उभा होता, त्याच्या गळ्यात काही नव्हते. खाली नाव होते, केशव माणगावे, चौथा क्रमांक. आणि पदक तांबूस होते.

मालकांनी चहा मागवला. मी विचारले, "काय, रंग मेलेला दिसतो का?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "न्हाई सर. उलट जो येतो तो इचारतो, पदक तांबडं कसं? मग सांगावं लागतं. रोज धा जणांस्नी सांगतोय."

त्या शाळकरी मुलाचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही. त्याचे नावही मी विचारले नव्हते. पण 'काका, ते ब्राँझ होतं' एवढे म्हणायला त्याला मोठ्यांच्या घोळक्यात उभे राहावे लागले. आपल्या वर्गात असे एखादे पोर उठून बोलले, तर गुरुजनहो, त्याला खाली बसवू नका. आधी भिंतीकडे बघा.